शास्त्र बदलते ते कसे? : नांदगावच्या गणिताचा बोध

(व्याख्यानाचा मजकूर)

दिवेआगरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला चंद्राची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते. ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. कोळीबांधव याच तिथ्यांवरून होडीचा आणि जाळ्याचा हिशेब ठेवतात. नारळी-पोफळीच्या वाड्यांतील घरांत याच तिथ्यांवरून सण आणि व्रते ठरतात. जैन कुटुंबात तर अष्टमी-चतुर्दशीचे नियम, आयंबिलाची ओळी, पर्युषणाचा प्रारंभ आणि क्षमापनेचा दिवस हे सारे तिथीशी बांधलेले असते. या गावात सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत गणला जातो, आणि त्यावरही शकाचा आकडा कोरलेला आहे. कालगणना ही या भूमीची जुनी सवय आहे.

तिथी ही आकाशातील गोष्ट. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते आणि दुसरी लागते. सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल तिच्या नावाने तो दिवस सामान्यतः ओळखला जातो. म्हणूनच तिथी सूर्योदयापूर्वी थोडी आधी संपते की सूर्योदयानंतर थोडी उशिरा संपते, या प्रश्नावर उपवास आज की उद्या, हे अवलंबून राहते. दोन पंचांगांत तिथीसमाप्तीचे दोन निरनिराळे काळ छापलेले असले, तर एकाच गावात, क्वचित एकाच घरात, दोन दिवशी एकच पर्व पाळण्याची वेळ येते. अशा वेळी प्रश्न उभा राहतो : खरे कोणते? ते कोणी ठरवावे? पूर्वजांनी स्वीकारलेले गणित बदलणे हा त्यांचा अनादर आहे काय?

या घरगुती प्रश्नामागे एक मोठा तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. शास्त्र काळाच्या ओघात बदलते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते कशामुळे बदलते, कशामुळे बदलायचे थांबते, आणि बदलूनही त्यात काय टिकून राहते, याचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील अनेक तत्त्वज्ञांनी केला. त्यांची उदाहरणे बहुधा कोपर्निकस, गॅलिलिओ आणि न्यूटन यांची असतात. पण त्याच तोलाचे एक उदाहरण रायगडच्या याच किनाऱ्यावर घडले आहे.

नांदगावचे पिता-पुत्र

दिवेआगरहून दिघीला यावे, फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्यास उतरावे आणि मुरूड मागे टाकून काशीदच्या वाटेला लागावे. त्या वाटेवर नांदगाव लागते. जुन्या संस्कृत ग्रंथांतील नंदिग्राम ते हेच. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी राहत होते. इ. स. १४९६ च्या सुमाराचा त्यांचा 'ग्रहकौतुक' हा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

केशव दैवज्ञांच्या काळी गणिताचे तीन प्रमुख संप्रदाय प्रचलित होते : सौरपक्ष, आर्यपक्ष आणि ब्राह्मपक्ष. प्रत्येकाचा मूळ ग्रंथ आदरणीय, प्रत्येकाची गुरुपरंपरा मोठी, आणि प्रत्येकाचे अनुयायी आपापल्या पक्षावर ठाम. केशवांनी रात्री-रात्री आकाश पाहिले. ग्रहांच्या युती, त्यांचे उदयास्त आणि ग्रहणे त्यांनी गणिताशी ताडून पाहिली. एकही पक्ष सर्व बाबतींत जुळत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. ते त्यांनी लपविले नाही. कोणता ग्रह कोणत्या पक्षाने कितपत जुळतो, याची नोंद त्यांनी केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढे होणाऱ्या गणकांनीही असेच प्रत्यक्ष पाहून आपल्या काळचे गणित दुरुस्त करून घ्यावे, अशी सूचना त्यांनी लिहून ठेवली.

त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी ही सूचना प्रथम अंमलात आणली. शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा त्यांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथाचा आरंभकाल. त्या वेळी ग्रंथकर्ता अवघ्या तेरा वर्षांचा होता, असे परंपरा सांगते. या मुलाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. सूर्य त्याने सौरपक्षाचा घेतला. चंद्रही सौरपक्षाचाच घेतला, पण त्यातून नऊ कला वजा केल्या. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे घेतले. शनीही आर्यपक्षाचा, परंतु त्यात पाच अंश मिळविले. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे घेतले. शुक्राच्या केंद्रासाठी आर्य आणि ब्राह्म या दोन पक्षांचा मध्य काढला. जिथे जे जुळले, तिथे ते घेतले. निकष एकच : दृग्गणितैक्य, म्हणजे डोळ्यांना जे दिसते आणि गणिताने जे येते त्यांचा मेळ.

चंद्रातील नऊ कलांची दुरुस्ती वरवर क्षुल्लक भासते. परंतु तिथीच्या हिशेबात नऊ कला म्हणजे जवळजवळ पाऊण घटिका होते, आजच्या मोजणीने सुमारे अठरा मिनिटे. ग्रहणाच्या वेळी घटिकापात्र समोर ठेवून बसलेल्या निरीक्षकाला एवढा फरक सहज जाणवतो. गणेश दैवज्ञांनी पुढे लिहूनही ठेवले, की प्राचीन आचार्यांचे गणित त्यांच्या-त्यांच्या काळी खरे होते, कालांतराने ते शिथिल झाले, तेव्हा-तेव्हा कोणीतरी ते सावरले, आणि आपलेही गणित पुढे शिथिल होईल तेव्हा योग्य गणकांनी ते पुन्हा सावरावे.

शास्त्राविषयीची ही दृष्टी अत्यंत प्रगल्भ आहे. यात पूर्वसूरींचा अवमान नाही. ते चुकले असे म्हटलेले नाही, त्यांच्या काळी ते खरे होते असे म्हटले आहे. यात स्वतःविषयीचा अहंकारही नाही. आपल्या ग्रंथाला शेवटचा शब्द न मानणारा ग्रंथकार विरळा.

दुरुस्तीचेच प्रमाण झाले

यापुढची हकीकत अधिक विचार करायला लावणारी आहे. 'ग्रहलाघव' विलक्षण सोपा होता. त्यात ज्या-चापांची किचकट कोष्टके टाळलेली होती. अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पून गणेश दैवज्ञांनी मोठमोठ्या संख्यांचे ओझे दूर केले होते. पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या साध्या गणकालाही वर्षाचे पंचांग तयार करता येऊ लागले. शके १४४७ मध्ये त्यांनी रचलेल्या 'तिथिचिंतामणी'तील कोष्टकांनी तर तिथी काढणे आणखी सुलभ केले. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही हे ग्रंथ घरोघरीच्या ज्योतिषांच्या हाती गेले.

पण सोयीची एक किंमत असते. ज्याला आकाशाकडे न पाहता पंचांग करता येते, त्याला आकाशाकडे पाहण्याची गरज उरत नाही. तीनशे वर्षे लोटली. पाहून दुरुस्त करण्यासाठी जो ग्रंथ जन्मला होता, तोच न पाहता पाठ करण्याचा ग्रंथ झाला. एकोणिसाव्या शतकात कोणी गणित बदलण्याची भाषा केली, की तिच्याविरुद्ध प्रमाण म्हणून 'ग्रहलाघव'च पुढे केला जाऊ लागला. गणेश दैवज्ञांचे आकडे लोकांनी जपले, पण त्यांची सूचना मात्र विसरली गेली.

तत्त्वज्ञ काय सांगतात?

हे असे का घडते, याचा उलगडा करण्यासाठी विसाव्या शतकातील तीन विचारवंतांचे म्हणणे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल.

पहिले कार्ल पॉपर. त्यांचा मुख्य ग्रंथ १९३४ साली व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते कोणताही सिद्धांत कितीही वेळा जुळला तरी तो पूर्णतः सिद्ध होत नाही. परंतु एकदा जरी तो अनुभवाशी विसंगत ठरला, तरी त्याला धक्का बसतो. म्हणून शास्त्रज्ञाने आपला सिद्धांत कोणत्या परिस्थितीत खोटा ठरेल, हे आधीच सांगितले पाहिजे. ग्रहणाचा काळ आधी सांगून मग आकाश पाहणारे केशव दैवज्ञ या कसोटीला पूर्ण उतरतात. मात्र शनी पाच अंशांनी चुकतो असे दिसल्यावर गणेश दैवज्ञांनी सारे ग्रहगणित टाकून दिले नाही. आराखडा ठेवला आणि आकडा बदलला. शास्त्राचा नित्याचा व्यवहार बहुधा असाच चालतो; पॉपर यांच्या कसोटीत या व्यवहाराला पुरेशी जागा मिळत नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला.

दुसरे टॉमस कून. अमेरिकेतील या इतिहासकाराने प्रथम १९५७ साली कोपर्निकसच्या क्रांतीवर आणि नंतर १९६२ साली एकूणच वैज्ञानिक क्रांत्यांच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की शास्त्रज्ञांचा समुदाय एखादे यशस्वी प्रतिमान स्वीकारतो, त्याची पाठ्यपुस्तके होतात, नवी पिढी त्यांवरच शिकते आणि प्रतिमानाच्या चौकटीतील कोडी सोडविण्यात बराच काळ जातो. न जुळणाऱ्या गोष्टी प्रथम दुर्लक्षिल्या जातात. त्या साचत जातात, अस्वस्थता वाढते, आणि मग नवे प्रतिमान पुढे येते. जुन्या पिढीतील काही जण ते कधीच स्वीकारीत नाहीत. 'ग्रहलाघव' पाठ्यपुस्तक झाले आणि प्रश्न विचारणे मंदावले, हे कून यांच्या वर्णनाशी चांगलेच जुळते.

तिसरे इम्रे लाकातोश. हंगेरीत जन्मलेले हे विचारवंत पुढे लंडनला अध्यापन करीत. त्यांच्या मते प्रत्येक संशोधन-परंपरेला एक गाभा असतो आणि त्याच्याभोवती साहाय्यक कल्पनांचे कवच असते. अनुभवाचा आघात झाला की कवचात बदल केले जातात आणि गाभा सुरक्षित ठेवला जातो. असे बदल करून नवे काही अचूक सांगता आले, तर परंपरा जिवंत. केवळ बचावासाठी ठिगळे लावावी लागत असतील, तर ती क्षीण होत आहे असे समजावे.

नांदगावच्या गणिताला हा विचार लावला तर चित्र स्पष्ट होते. तिथी म्हणजे बारा अंशांचे अंतर, हा गाभा. चंद्राची गती किती, वर्षाची लांबी किती, हे कवच. केशव आणि गणेश दैवज्ञांनी कवच बदलून गाभा जिवंत ठेवला. त्यांच्यानंतरच्या लोकांनी कवचालाच गाभा मानले.

नागावचे केरूनाना

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा उभा केला तोही याच किनाऱ्यावरच्या एका सुपुत्राने. अलिबागजवळील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम करीत होते. पुढे ते पुण्यात गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. युरोपीय वेधशाळांच्या निरीक्षणांवर उभारलेले गणित त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' या ग्रंथाद्वारे १८६० साली मराठीत आणले. आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने शके १७८७, म्हणजे १८६५ पासून त्या आधारावर सुधारित पंचांग निघू लागले. तेच 'पटवर्धनी पंचांग' म्हणून ओळखले गेले.

केरूनानांच्या गणिताची सैद्धांतिक बैठक संपूर्ण निराळी होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि गुरुत्वाकर्षणाने ग्रहांच्या गती ठरतात, हे त्याच्या मुळाशी होते. कून म्हणतात तशी क्रांती येथे झाली होती. पण पंचांग उघडणाऱ्याला काय दिसत होते? तीच तिथी, तोच वार, तेच नक्षत्र, तोच योग आणि तेच करण. आतील यंत्र बदलले, घड्याळाची तबकडी तीच राहिली. शास्त्रातील क्रांती समाजाच्या अंगवळणी कशी पडते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

तरीही विरोध झाला, आणि त्या विरोधातील एक युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या गणिताने तिथी जास्तीत जास्त पाच घटिका वाढते आणि सहा घटिका घटते. यालाच 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणत. नव्या गणिताने ती वाढ सुमारे सात घटिका आणि घट सुमारे दहा घटिका येते. विरोधकांचे म्हणणे असे, की बाणवृद्धी-रसक्षयाची मर्यादा ओलांडणारी तिथी धर्मकृत्याला चालणार नाही. येथे नकळत एक चक्र पूर्ण झाले होते. पाच आणि सहा हे आकडे जुन्या गणितातूनच निघाले होते. आणि त्याच आकड्यांच्या आधारे जुन्या गणिताची दुरुस्ती नाकारली जात होती. सिद्धांताने दिलेल्या चष्म्यातून पाहून सिद्धांताचीच परीक्षा करणे, असा हा प्रकार होता.

जुने गणित नेमके कोठे कमी पडत होते, हेही समजून घ्यावे. चंद्राची गती सारखी नसते. तिच्यातील मुख्य चढ-उतार जुन्या ग्रंथकारांनी पाच अंशांचा धरला होता. पौर्णिमा-अमावास्येला तो जवळजवळ बरोबर ठरतो, कारण त्या वेळी चंद्रावरील सूर्याच्या आकर्षणाचा एक दुसरा परिणाम पहिल्यातून वजा होतो. अष्टमीच्या सुमारास मात्र तोच दुसरा परिणाम पहिल्यात मिळतो आणि फरक अडीच अंशांपर्यंत जाऊ शकतो. तिथीच्या हिशेबात हे अंतर सुमारे पाच तासांचे झाले. परंपरेची कसोटी ग्रहणावर होती आणि ग्रहणे पौर्णिमा-अमावास्येलाच होतात. म्हणून जिथे कसोटी घेतली जात होती तिथे गणित उत्तीर्ण होई आणि अष्टमीची चूक उजेडात येत नसे. विशेष असे, की दहाव्या शतकातील मुंजाल या भारतीय ज्योतिषाने या दुसऱ्या परिणामाची दुरुस्ती दिली होती. ती ग्रंथात होती. प्रचलित पंचांगांत उतरली नाही. ज्ञान उपलब्ध असणे आणि समाजाने ते स्वीकारणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

दोन प्रकारचे मतभेद

यानंतरच्या काळात पंचांगशोधनाचा वाद महाराष्ट्रात चांगलाच गाजला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात त्याचा सविस्तर इतिहास दिला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि स्वतः दीक्षित सायनमानाच्या बाजूचे होते. केरूनानांनी, आणि पुढे टिळकांनी, रेवती नक्षत्रातील एक तारा आरंभस्थान म्हणून स्वीकारला. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्याच्या बाजूचे होते. रेवतीपक्ष आणि चित्रापक्ष यांच्या आरंभस्थानांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. त्यामुळे संक्रांतीत सुमारे चार दिवसांचा फरक पडतो आणि एखाद्या वर्षी अधिकमासच निराळा येतो.

येथे श्रोत्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. तिथी किती वाजता संपते, हा प्रश्न आकाशाला विचारता येतो. सूर्य आणि चंद्र यांतील अंतर मोजता येते, दुर्बिणीसमोर पक्षभेद टिकत नाही. परंतु राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, या प्रश्नाचे उत्तर आकाशात लिहिलेले नाही. वर्तुळाला स्वतःचा आरंभबिंदू नसतो. तो माणसांनी ठरवायचा असतो. पहिला मतभेद निरीक्षणाने मिटतो, दुसरा सहमतीने. निरीक्षणाने मिटणारा वाद बहुमताने सोडवू पाहणे, आणि सहमतीने मिटणारा वाद 'आमचेच शास्त्रशुद्ध' असे म्हणून लढविणे, या दोन्ही चुकांनी समाजाची शक्ती वाया गेली.

स्वातंत्र्यानंतर नोव्हेंबर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमण्यात आली. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका अंमलात आली. तिथी आधुनिक गणिताने काढाव्यात, ही पहिल्या प्रकारच्या प्रश्नाची सोडवणूक. आणि २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला मानावेत, ही दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाची. पहिली गोष्ट आज बहुतेक पंचांगांनी मान्य केली आहे. दुसऱ्या बाबतीत अजूनही एकमत झालेले नाही, आणि तसे होणे स्वाभाविक आहे.

जैन परंपरेतील साक्ष

कालगणनेचा हा विचार जैन परंपरेलाही नवा नाही. 'सूर्यप्रज्ञप्ती'त पाच वर्षांचे एक युग सांगितले आहे. त्याचे दिवस १८३०. त्यात साठ सौर मास, एकसष्ट सावन मास, बासष्ट चांद्र मास आणि सदुसष्ट नाक्षत्र मास बसतात. या संख्यांची मांडणी फार सुबक आहे. परंतु बासष्ट चांद्र मासांचे प्रत्यक्ष दिवस १८३० पेक्षा सुमारे नऊ-दशांश दिवसाने अधिक भरतात. म्हणजे प्रत्येक युगात जवळजवळ एका दिवसाचा फरक पडत जातो. साहजिकच व्यवहारातील तिथिनिर्णयासाठी पुढील काळात अधिक सूक्ष्म गणिताचा आधार घेतला गेला. आगमांविषयीचा आदर त्यामुळे उणावला नाही.

महेंद्रसूरी या जैन मुनींचे उदाहरण तर आवर्जून सांगावे असे आहे. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाच्या काळी, इ. स. १३७० मध्ये, त्यांनी 'यंत्रराज' हा ग्रंथ रचला. त्याचा विषय अरब-इराणी ज्योतिषांचे आकाशमापनाचे यंत्र, भाषा संस्कृत. त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांनी त्यावर टीका लिहिली. परकीयांचे म्हणून ते ज्ञान त्यांनी अव्हेरले नाही. त्या यंत्राला त्यांनी यंत्रांचा राजा म्हटले. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तीन पक्षांतून निवड केली, त्याआधी दीडशे वर्षांची ही गोष्ट आहे.

जैन तत्त्वज्ञानाने एक शब्द दिला आहे : नय. वस्तू अनंतधर्मात्मक असते आणि प्रत्येक नय तिचा एक अंश यथार्थपणे दाखवितो. तोच अंश म्हणजे संपूर्ण वस्तू, असा हट्ट धरला की नयाचा दुर्नय होतो. जैन आचार्यांनी विज्ञानाच्या बदलाचा आधुनिक सिद्धांत आधीच सांगून ठेवला होता, असा दावा करण्याचे कारण नाही; त्यांचा विषय निराळा होता. पण विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांना या विचाराचे मोल जाणवले, हे सत्य आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाभूत कल्पनांचा विचार करताना स्याद्वादाची चर्चा केली, आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ साली त्यावर स्वतंत्र लेख लिहिला.

या दृष्टीने पाहता 'ग्रहलाघव' त्याच्या काळी एक सुंदर नय होता. १५२० चे आकाश त्याने त्या वेळच्या गरजेपुरते नीट दाखविले. तीनशे वर्षांनंतर 'हेच गणित, दुसरे नाही' असे म्हटले गेले, तेव्हा त्याचा दुर्नय झाला. मात्र स्याद्वादाचा अर्थ 'सर्वांचेच बरोबर' असाही नव्हे. कोणत्या अपेक्षेने, कोणत्या काळी, कोणत्या मर्यादेत बरोबर, हे स्पष्ट सांगण्याची ती शिस्त आहे. जुन्या गणिताचे वर्ष प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे होते. एका पिढीला हा फरक जाणवत नाही. हजार वर्षांत तो दोन दिवसांच्या वर जातो. मर्यादा सांगितली की आदर आणि दुरुस्ती दोन्ही एकत्र नांदू शकतात.

संस्थेसाठी बोध

पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेने या इतिहासातून काय घ्यावे? कोणत्याही संस्थेत निर्णय घेतले जातात, ते रूढ होतात, आणि एका पिढीनंतर निर्णय तेवढा उरतो. त्यामागचे कारण विस्मरणात जाते. मग बदल सुचविणारा तरुण उद्धट वाटतो आणि जपणूक करणारा वडीलधारा हटवादी वाटतो. वस्तुतः दोघांच्याही मनात संस्थेविषयीचे प्रेमच असते. यावर नांदगावचा उपाय सोपा आहे. निर्णयाबरोबर त्याचे कारण लिहून ठेवावे. कोणते पंचांग स्वीकारले, कोणत्या वर्षापासून, कोणाच्या मार्गदर्शनाने आणि कशासाठी, याची नोंद दप्तरी असावी. कोणता प्रश्न पाहून सुटतो आणि कोणता एकत्र बसून सुटतो, याचा विवेक चर्चेच्या आरंभीच करावा. पर्वतिथीचा निर्णय अर्थातच पूज्य गुरुभगवंतांच्या आज्ञेने होतो. पण तिथीसमाप्तीचा क्षण कोणता, एवढ्या गणिताच्या प्रश्नावरून समाजात दुरावा येण्याचे कारण उरू नये. क्षमापनेच्या दिवसावरूनच मने दुखावली गेली, तर त्या क्षमापनेचे प्रयोजन काय राहिले?

केशव दैवज्ञांनी पुत्राच्या हाती ग्रंथ दिला आणि त्याबरोबर तो तपासून पाहण्याची परवानगी दिली. पुत्राने ग्रंथ तपासला, बदलला, आणि पुढच्यांसाठी तीच परवानगी लिहून ठेवली. पाचशे वर्षांनंतरही दिवेआगरच्या समुद्राला पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते. चंद्र आपल्या मार्गाने जात आहे. त्याच्याशी गणित जुळते की नाही, हे अधूनमधून मान वर करून पाहण्याचे काम प्रत्येक पिढीचे आहे. वारसा देताना ही परवानगीही द्यावी, आणि वारसा घेताना तिचा नम्रतेने उपयोग करावा, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रार्थना.

जय जिनेंद्र.